काडीसह फोटो टाकावा

माणसानं रविवारी दुपारी जेवावं आणि गपचूप आडवं व्हावं. बारीकराव त्या रविवारी आडवे झाले नाहीत. आपण बनवलेली खोली आज चार लोकांना दाखवायचीच, असं त्यांनी ठरवलं, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाला तिथून सुरुवात झाली.

बारीकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. (अंगानं म्हणाल तर ते चांगले गरगरीत आहेत.) हे नाव बायकोनं ठेवलेलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात हा गृहस्थ दिवसभर फोनवर "तुमची तक्रार नोंदवली आहे" हे एकच वाक्य म्हणायचा. घरी आला, की दिव्याखाली भिंग धरून आगकाड्यांच्या खुर्च्या बनवत बसायचा. अंगठ्याच्या नखावर मावेल असा कप, दोन बोटांच्या चिमटीत येईल असं स्टूल. "बारीकराव, जेवायला या. ताट मात्र मोठंच वाढलंय हं," असं बायको म्हणायची, आणि तेही निमूट येऊन बसायचे.

गेले कित्येक महिने ते स्वतःच्या घरातली बाहेरची खोलीच बनवत होते. बुटांच्या खोक्याहून जराशी मोठी. तीत सोफा होता, बायकोचं शिलाई मशीन होतं, तिच्याच उरलेल्या चिंध्यांचे पडदे होते, वर पंखा होता, आणि खिडकीशी आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले सासरेबुवाही होते. हे सासरेबुवा मातीचे होते, केस कापसाचे. खरे सासरेबुवा लेकीकडेच राहायचे आणि त्याच खिडकीशी, तशाच खुर्चीत, तसंच तोंड उघडं टाकून झोपायचे. आपला पुतळा उभारला गेलाय, म्हणजे बसवला गेलाय, याची त्यांना कल्पना नव्हती. खोली कपाटाच्या डोक्यावर, कापडाखाली झाकलेली असायची. बायको त्या सगळ्याला एका शब्दात "पसारा" म्हणायची, आणि कधी कापड उचलून बघायची नाही.

मोबाइलवर 'इवलंसं जग' नावाचा एक ग्रुप होता. असल्याच इवल्या वस्तू बनवणारी माणसं तिथं आपापलं काम दाखवायची. बारीकराव त्यात केव्हाचे सामील होते, पण चोरासारखे. रोज सगळ्यांचं काम बघायचे, अंगठा द्यायचे, स्वतःचं काही टाकायचे नाहीत. ज्याचं पोट लोकांच्या तक्रारींवर चालतं, त्याला स्वतःबद्दलची तक्रार ऐकायची छाती कुठून येणार? ग्रुपची प्रमुख 'मुंगीताई' तशी मायाळू होती. पण 'चिमटा' या नावानं वावरणारा एक इसम होता, त्याच्या नजरेतून माशीचा पाय सुटायचा नाही. शिवाय ग्रुपचा एक सक्त नियम होता. फोटोत वस्तूशेजारी एक आगकाडी ठेवायची, म्हणजे वस्तू केवढी आहे ते कळतं. 'काडीसह फोटो टाकावा' हे वाक्य ग्रुपच्या माथ्यावरच लिहिलेलं होतं.

तर त्या रविवारी बारीकरावांनी आपल्या खोलीचा फोटो काढला. मग जमलंय की नाही हे ताडून बघायला त्याच कोनातून खऱ्या खोलीचाही काढला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले. मग देवाचं नाव घेतलं, डोळे गच्च मिटले, बोट दाबलं, आणि मोबाइल शिलाई मशीनच्या खणात कोंबून ते अंघोळीला गेले. (सकाळची झाली होती. ही धीर धरण्यासाठी.)

काडी ठेवायची राहून गेली हे त्यांना साबण लावताना आठवलं. खरी चूक याहून मोठी होती, पण ती अजून खणात थरथरत होती.

ते बाहेर आले तेव्हा बायको खण उघडून उभी होती.

"मला वाटलं उंदीर शिरलाय खणात," ती म्हणाली. "अहो, हे काय आहे? हे लोक काय लिहिताहेत?"

"काही वाईट लिहिलंय का?" बारीकरावांनी पंचाआडूनच विचारलं.

"ऐका ना. 'पंख्याच्या पात्यांवरची धूळ कशी काय साधलीत? दंडवत!' दुसरा लिहितो, 'सोफ्याच्या हातावरचा तेलकट डाग बघा, याला म्हणतात नजर.' ही बाई म्हणते, 'कोपऱ्यातलं जळमट तर अगदी खरं वाटतं.'" तिचा आवाज एकेक पायरी वर चढत होता. "'पडद्याचं एक हूक निसटलेलं दाखवायला कलावंताचं काळीज लागतं.' अहो, कुणाच्या पडद्याचं हूक?"

बारीकरावांनी मोबाइल हातात घेतला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. अंघोळ फुकट गेली. फोटो खऱ्या खोलीचा होता.

"अगं, चुकून आपली खोली गेली."

"कुठं गेली?"

"तिथं. सगळ्यांना वाटतंय की ती मी बनवलीय."

बायकोनं वर पडद्याकडे बघितलं. आता हे सांगायला हवं, की ती पडदे शिवायची. पडद्यांसाठी लोक लांबून तिच्याकडे यायचे. घडी अशी पडायची की बघत राहावं. आणि तिच्याच घरच्या पडद्याचं निसटलेलं हूक आता जगभर फिरत होतं.

"लोक कौतुकच करताहेत की," बारीकराव कसंबसं म्हणाले.

"कुणाचं? तुमचं! धूळ माझी आणि कौतुक तुमचं!"

खिडकीशी सासरेबुवा या आवाजानं जागे झाले. "माझ्याबद्दल काही लिहिलंय का?" त्यांनी विचारलं. फोटोत आपण आहोत एवढं त्यांना कळलं होतं.

लिहिलं होतं. चिमट्यानं लिहिलं होतं. "एकूण काम पहिल्या दर्जाचं. फक्त खुर्चीतला म्हाताऱ्याचा बाहुला फसलाय. जिवंत माणसाची मान इतकी वाकडी राहूच शकत नाही. आणि काडी कुठाय?" त्यावर मुंगीताईनं, नवे आहेत, पहिल्या खेपेला काडी माफ, असं सांभाळून घेतलं होतं.

"कोण हा गाढव?" सासरेबुवा ताठ बसले. "त्याला घरी बोलवा, जावईबापू. मी त्याच्यासमोर झोपून दाखवतो."

त्या संध्याकाळी बायकोनं खोली अशी काही घासली, की भिंतींनाही नवल वाटलं असेल. पंखा पुसला, जळमट काढलं, सोफ्याचा हात साबणानं धुतला, हूक अडकवलं. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात, सातव्या मजल्यावर अडकलेल्या एका गृहस्थाची तक्रार ऐकत असतानाच, बारीकरावांना मुंगीताईचा निरोप आला. या महिन्याला ग्रुपच्या दर्शनी पानावर त्यांचीच खोली लावायचं ठरलं होतं. फक्त तेवढा नियमाप्रमाणं काडीसह फोटो पाठवावा.

बारीकराव घरी आले ते थेट कबुलीची तयारी करूनच. "मी खरं काय ते लिहून टाकतो," ते म्हणाले.

"अजिबात नाही," बायको म्हणाली. "ती धूळ खोटी आहे तोवर कला आहे, अहो. खरी ठरली की नुसती धूळ. माझी निम्मी गिऱ्हाइकं दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून असतात. आजपासून ही खोली खोटी आहे. बाबा, तुम्हीपण खोटे आहात. लक्षात ठेवा."

"ठेवतो," सासरेबुवा म्हणाले.

"मग काडी?"

"मग काय? तुमचा तो पसारा आहे ना वर. त्यात काडी ठेवून काढा फोटो."

"त्यात पंख्यावर धूळ नाही. जळमट नाही. लगेच ओळखतील."

"टाका की मग थोडी धूळ!"

आणि इथं एक चमत्कार झाला. संसारात आजवर कधीही 'नाही' न म्हणालेले बारीकराव "नाही" म्हणाले.

"नाही टाकणार. बाकी काय म्हणशील ते करतो. पण ती मी बनवलीय."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग स्टुलावर चढून तिनं तो पसारा खाली उतरवला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कापड उचललं. आत तिची खोली होती. मशीनवर तिची कात्री होती, तांदळाच्या दाण्याएवढी. स्टुलावर अर्धवट शिवलेलं कापड होतं आणि त्यात टाचणीहून बारीक काहीतरी टोचून ठेवलेलं. ती वाकली आणि पडद्याची हुकं एकेक करून बघू लागली.

"सगळी जागच्या जागी आहेत," ती म्हणाली.

"तुझ्या पडद्याचं हूक कसं निसटेल?" बारीकराव म्हणाले. (खरं हूक गेल्या वर्षापासून लोंबत होतं. पण त्यांनी खोली तिला आवडेल तशी बनवली होती. हे तोंडानं सांगणं त्यांना जन्मात जमलं नसतं.)

बायकोनं नाकपुडीला पदर लावला, मग धूळ गेल्यासारखं केलं. "यावर नको काही टाकायला," ती म्हणाली. "खऱ्यावरच टाकू."

अशा रीतीनं, आदल्या संध्याकाळी घासूनपुसून लख्ख केलेली खोली पुन्हा मळवायचं काम सुरू झालं. घरात धूळ शिल्लक नव्हती, म्हणून बायकोनं शिवणाचे खडू कुटून त्याची पूड केली आणि चाळणीनं पंख्याच्या पात्यांवर भुरभुरली. सोफ्याच्या हातावर मशीनचं तेल चोळलं. कोपऱ्यात राखाडी लोकरीचा धागा विंचरून जळमट केलं. शेवटी ती पडद्यापाशी गेली, आणि आपल्या हातानं हूक काढताना तिचा चेहरा बघवत नव्हता.

आता राहिली काडी. खोली बारा पटीनं मोठी, तेव्हा काडीही बारा पटीनं मोठी हवी, हा हिशेब बारीकरावांनी चुटकीसरशी केला. पडद्याचा एक उरलेला लाकडी दांडा होता, तो त्यांनी हातभर कापला. टोकाला मोज्याचा गोळा बांधला. बायकोनं त्यावर लाल मखमल ताणून टाके घातले. बारीकरावांनी दांड्याला पॉलिशकागद मारला, फुंकर घातली, लांब धरून बघितला. इतकी मोठी वस्तू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बनवली होती. काडी सासरेबुवांच्या खुर्चीला टेकवून उभी केली.

पण सासरेबुवा झोपेनात. आपला फोटो निघणार म्हटल्यावर त्यांनी कोट चढवला होता, केस चापून बसवले होते आणि हनुवटी वर करून ते सभेच्या अध्यक्षासारखे बसले होते.

"बाबा, मान वाकडी करा."

"मुळीच नाही. तो माणूस पुन्हा बोलेल."

"बाबा, कोट काढा. पहिल्या फोटोत कोट नव्हता."

"बाहुल्याला थंडी वाजू शकते."

"तोंड तरी उघडा!"

"उपाशीपोटी तोंड उघडं ठेवायची मला सवय नाही."

शेवटी कोट उतरवला, दूध-बिस्किटं झाली, आणि दांडा गोल असावा की चपटा, कोन डावीकडून की उजवीकडून, यावर नवरा-बायकोंचं जुंपलं. ते भांडण इतकं रंगलं, की सासरेबुवांना अंगाईच मिळाली. मान वाकडी झाली, तोंड उघडलं. बारीकरावांनी मोबाइल उचलला, नेम धरला. नेमक्या त्याच क्षणी सासरेबुवांनी झोपेतच "उकडतंय" म्हणून हात लांबवला आणि पंख्याचं बटण दाबलं.

कुटलेला खडू सबंध खोलीत पसरला. बायको शिंकली, बारीकराव शिंकले, त्या शिंकेबरोबर त्यांचं बोट दाबलं गेलं आणि फोटो निघाला. सासरेबुवा पांढरेशुभ्र झाले, पण उठले नाहीत.

फोटो बरा आला होता. पांढरट धुक्यात खोली, खुर्ची आणि काडी. दुसरा काढण्याची ताकद घरात कुणातच नव्हती. बारीकरावांनी डोळे मिटून तो पाठवला.

उत्तरं यायला वेळ लागला नाही. "धुक्यासारखा प्रकाश! वा!" "म्हातारा आता पहिल्यापेक्षा जमलाय, चेहऱ्याला रंगबिंग लावलेला दिसतो." बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग चिमटा आला.

"खोलीबद्दल प्रश्नच नाही," त्यानं लिहिलं होतं. "पण काडी खोटी वाटते. काडी चौकोनी असते, ही गोल आहे. गुलावर तर चक्क शिवण दिसतेय. इतकी अवघड खोली बनवलीत आणि घरात एक साधी काडी मिळाली नाही?"

"माझी शिवण दिसतेय?" बायको किंचाळली.

बारीकरावांनी तो मजकूर दोनदा वाचला. आजवर हजारो आगकाड्या हातातून गेल्या होत्या त्यांच्या, सगळ्या चौकोनी. हे त्यांना कळायला हवं होतं. पण त्यांना लागलं ते वेगळंच. ते सोफ्यावर बसले (तेल त्यांच्या बाहीला लागलं) आणि म्हणाले, "अगं, त्या सबंध फोटोत मी बनवलेली एकच वस्तू होती. तेवढीच त्याला आवडली नाही."

बायकोला हसू येत होतं, पण त्यांचं तोंड बघून ती हसली नाही. ती उठली. पंखा पुसला, सोफा पुसला, हूक अडकवलं. मग कपाटावरची खोली उतरवून त्यांच्यासमोर ठेवली.

"टाका हिचा फोटो. खरं काय ते लिहा."

"आणि तुझी गिऱ्हाइकं?"

"माझ्या घरी धूळ असते, तर असते. गिऱ्हाइकांच्या घरी काय नसते? ही बघू दे लोकांना."

बारीकराव स्वयंपाकघरात गेले. काडेपेटीत शेवटची एकच काडी होती, ती त्यांनी आणून छोट्या सासरेबुवांच्या खुर्चीला टेकवली. फोटो काढला. खाली लिहिलं, "आधीचे दोन्ही फोटो आमच्या खऱ्या घराचे होते. ती काडी पडद्याच्या दांड्याची होती. चूक झाली, माफ करा. ही खोली मात्र मी स्वतः बनवली आहे." आणि या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत, मोबाइल खणातही कोंबला नाही. हातात धरून बसले. बायको शेजारी बसली. सासरेबुवाही काठी टेकत येऊन मागं उभे राहिले.

मग मुंगीताईचं उत्तर आलं. "कबुली दिलीत, मन मोठं आहे तुमचं. पण पुन्हा तेच का हो? हीसुद्धा तीच खरी खोली, फक्त झाडलेली. आम्हांला एवढंही कळत नाही का?"

"आजोबांची तब्येत बरी दिसत नाही," आणखी कुणी लिहिलं. "चेहरा मातीसारखा झालाय. डॉक्टरांना दाखवा." हे ऐकून सासरेबुवा तडक आरशाकडे गेले.

आणि चिमटा. "खोलीचं जाऊ द्या. या वेळची काडी मात्र मानली! चौकोनी, एका कडेचं सालपट निघालेलं, गुलाला बारीकशी चीर. एवढी मोठी आणि इतकी हुबेहूब काडी मी जन्मात पाहिली नाही. अहो, तुम्ही कलावंत आहात!"

मुंगीताईलाही ते पटलं. महिन्याच्या दर्शनी पानावर अखेर बारीकरावांचंच काम लागलं. बाकीची खोली कापून टाकलेली, नुसती काडी.

बारीकराव हताशपणे हसले. बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "अहो, वेड्यासारखं काय करता? इतकी माणसं भिंग लावून बसलेली, आणि त्यातल्या एकालाही ती बनवलेली वाटली नाही. आणखी काय हवं माणसाला?"

हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, चष्म्यावर वाफ आली, आणि आजवरच्या साऱ्या कष्टांचं चीज झाल्यासारखं त्यांना वाटलं. "चहा टाकतेस का?" ते चष्मा पुसत म्हणाले.

बायको आत गेली आणि लगेच बाहेर आली. "लायटर बंद पडलाय, आणि काडी तुम्ही इथं आणून ठेवलीत." असं म्हणून तिनं छोट्या सासरेबुवांच्या खुर्चीला टेकवलेली काडी उचलली.

"अगं, थांब, ती..."

आतून फर्रकन आवाज आला. "चांगली पेटली हो!" बायको म्हणाली.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. चिमट्यानं विचारलं होतं, "उद्या हीच काडी जरा दुसऱ्या कोनातून दाखवाल का? आम्ही सगळे वाट बघतोय."

बारीकरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि अशा प्रसंगी सुचणारं त्यांच्याकडचं एकमेव वाक्य लिहून पाठवलं. "तुमची तक्रार नोंदवली आहे."